कौटुंबिक जलविहारासाठी कयाक

कयाक ही दोन्ही टोकांना निमुळती, अरुंद आणि हलकी अशी लहान नाव असून ती दुपाती वल्ह्याने, म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने, चालविली जाते. वल्हविणारा नावेच्या तळाशी किंवा तळालगतच्या बैठकीवर, पाय पुढे पसरून व तोंड प्रवासाच्या दिशेला करून बसतो. शर्यती, खळाळत्या नद्या आणि सागरी प्रवास यांसाठी कयाकचे वेगवेगळे प्रकार आहेत. संथ पाण्यावर, किनाऱ्याजवळ, फिरण्याच्या हेतूने वापरली जाणारी रुंद व स्थिर कयाक ही 'विहार-कयाक' होय. प्रस्तुत लेखात लहान मुले असलेल्या कुटुंबाने विहार-कयाक निवडताना लक्षात घ्यावयाच्या बाबींची माहिती दिली आहे. नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका आणि त्याच्या आसपासचे जलाशय उदाहरणादाखल घेतले आहेत.

नाव आणि परिभाषा

'कयाक' हा शब्द उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट लोकांच्या भाषेतून जगभर गेला. त्यातील क मूळ भाषेत पडजिभेजवळून उच्चारला जातो. देवनागरीत हा शब्द उलटसुलट कसाही वाचला तरी तोच राहतो. उलटली तरी तीच राहणारी नाव बांधण्याची कला मात्र अजून कोणाला साधलेली नाही.

मराठीत 'वल्हे' हा एकच शब्द दोन वेगळ्या साधनांसाठी वापरला जातो, त्यामुळे वर्तमानपत्री मजकुरात पुष्कळदा गोंधळ होतो. रोइंग या क्रीडाप्रकारात वल्हे नावेच्या काठावरील आधारात अडकविलेले असते आणि खेळाडू प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतो. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ यांनी २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले ते या प्रकारात, कयाकिंगमध्ये नव्हे. कयाकचे वल्हे कोठेही अडकविलेले नसते. ते दोन्ही हातांत धरून आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूस पाण्यात घातले जाते. एका पात्याच्या वल्ह्याने, बहुधा गुडघ्यावर बसून चालविण्याच्या नावेला कनू म्हणतात.

पूर्वपीठिका

इन्युइट, युपिक आणि अल्यूट लोक शिकारीसाठी कयाक वापरीत. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा तयार करून त्यावर सीलसारख्या प्राण्यांची कातडी ताणून शिवली जाई. या नावेचे माप ती वापरणाऱ्याच्या शरीरावरून काढले जाई. लांबी त्याच्या सुमारे तीन वावांइतकी (दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर म्हणजे वाव), तर बसण्याच्या जागेची रुंदी कमरेची रुंदी अधिक दोन मुठी, असा ठोकताळा अनेक ठिकाणी रूढ होता. एकाची कयाक दुसऱ्याला नीट बसत नसे. आज कारखान्यात एका साच्यातून शेकडो नावा निघतात. तरीही माणसाच्या मापाची नाव हा जुना निकष सुटलेला नाही आणि मुलांच्या बाबतीत तर तोच निर्णायक ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात हौशी नौकाविहाराची लाट आली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत घडी घालता येणारी कापडी कयाक तयार झाली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या खेळाला अधिकृत स्थान मिळाले. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने खरा बदल १९७०च्या दशकात झाला. त्या दशकात पॉलिएथिलीन हे प्लास्टिक फिरत्या साच्यात वितळवून एकसंध कयाक घडविण्याची पद्धत आली आणि खडकावर आपटली तरी न फुटणारी, स्वस्त, देखभालीचा फारसा ताप नसलेली नाव बाजारात उपलब्ध झाली.

महाराष्ट्रात डोंगी, होडी, तराफा, मचवा असे नावांचे अनेक प्रकार पूर्वापार आहेत. कयाक मात्र येथे पर्यटनाबरोबर आली आहे.

प्रकार

विहार-कयाकचे मुख्य दोन प्रकार बैठकीवरून पडतात. पहिल्या प्रकारात वल्हविणारा नावेच्या पोकळीत उतरून बसतो आणि त्याचे पाय आवरणाखाली असतात. हिला आतबैठकीची कयाक म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात नावेचे अंग पूर्णपणे बंद असते आणि बसण्यासाठी वरच्या बाजूस खोलगट जागा केलेली असते. ही वरबैठकीची कयाक होय. तिच्या तळातून आरपार छिद्रे काढलेली असतात, त्यामुळे आत आलेले पाणी आपोआप निघून जाते.

लहान मुले सोबत असतील तर उष्ण प्रदेशात वरबैठकीची कयाक बहुतेक वेळा अधिक योग्य ठरते. ती उलटली तर माणसे पाण्यात पडतात, पण कोणी आत अडकत नाही. तिच्यात पाणी भरत नाही, म्हणून ती सुलटी करून पुन्हा चढता येते. आतबैठकीची कयाक उलटली तर तिच्यात सहज दीड-दोनशे लिटर पाणी शिरते, म्हणजे नावेत दीड-दोनशे किलोंचा भार आला असे समजावे. ती खोल पाण्यात एकट्याने रिकामी करणे अवघड असते, आणि एका हातात रडणारे मूल असेल तर जवळजवळ अशक्यच. तरीही आतबैठकीची कयाक घ्यावयाची असल्यास तिच्या पुढच्या-मागच्या टोकांत हवाबंद कप्पे आहेत की नाहीत हे पाहिलेच पाहिजे. कित्येक स्वस्त नमुन्यांत असा एकच कप्पा असतो, काहींत एकही नसतो.

वरबैठकीच्या कयाकचे दोष म्हणजे ती वजनाने जड असते आणि तिच्यात बसणारा ओला होतो. ऑक्टोबरमध्ये याचे कोणाला काही वाटत नाही, पण जानेवारीच्या सकाळी वाटते.

हवा भरून फुगविण्याची कयाक हा तिसरा पर्याय. घरात जागा नसणाऱ्यांना व गाडीच्या टपावर नाव बांधणे शक्य नसणाऱ्यांना ती सोयीची आहे. एकाहून अधिक स्वतंत्र हवाकप्पे असलेलीच घ्यावी, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे नाव तरंगती ठेवतात. पोहण्याच्या तलावात खेळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या फुगीर होड्या वेगळ्या; त्या जलाशयात नेऊ नयेत. आपल्याकडील धरणांच्या काठावर बाभळीचे काटे आणि पाण्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात, ही गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत आढळणार नाही. उन्हात ठेवलेल्या फुगीर नावेतील हवा तापते. हवेचे तापमान २७ अंशांवरून ५७ अंश सेल्सिअसवर गेले तर बंद कप्प्यातील निरपेक्ष दाब सुमारे एक दशांशाने वाढतो. गच्च भरलेल्या नावेच्या शिवणी उसविण्यास तेवढे पुरते. म्हणून काठावर उन्हात ठेवताना थोडी हवा सोडावी.

मोजमाप आणि स्थिरता

एका व्यक्तीची विहार-कयाक साधारणतः २.७ ते ३.७ मीटर लांब आणि ७० ते ९० सेंटीमीटर रुंद असते. सागरी कयाक साडेपाच मीटरपर्यंत लांब व बरीच अरुंद असते. लांब-अरुंद नाव वेगाने व सरळ जाते, आखूड-रुंद नाव सावकाश जाते व चटकन वळते. कुटुंबाला वेगाची गरज नसते.

स्थिरतेचे दोन अर्थ होतात. सपाट तळाची रुंद नाव संथ पाण्यावर मुळीच डुलत नाही, ही आरंभीची स्थिरता. नाव बरीच कलल्यावरही उलटण्यास विरोध करते, ती अंतिम स्थिरता. गोलसर तळाची नाव सुरुवातीला डुगडुगते, पण कललेल्या अवस्थेत तग धरते. सपाट तळाची नाव एका मर्यादेपर्यंत दगडासारखी स्थिर राहते आणि ती मर्यादा ओलांडताच काही सूचना न देता पालथी होते. मुलांसाठी आरंभीची स्थिरता अधिक महत्त्वाची असते, कारण मूल मासा पाहायला, पान उचलायला, पाण्यात हात घालायला एका बाजूला वाकणारच. परंतु 'ही उलटतच नाही' असे विक्रेत्याने सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

स्थिरता गुरुत्वमध्याच्या उंचीवरही अवलंबून असते. उंच बैठक पाठीला सुखाची, पण तोलाला वाईट. मूल उभे राहिले की गुरुत्वमध्य वर जातो. 'नावेत उभे राहायचे नाही' हा नियम म्हणूनच काठावर, नावेत बसण्यापूर्वी पक्का करावा लागतो.

भारक्षमता

नावेवर छापलेली कमाल भारक्षमता ही सुखाने वाहता येईल अशा वजनाची मर्यादा नसते. त्या वजनाला नाव तरंगत असली तरी पाण्यात इतकी खोल बसते की लहानशी लाटही आत येते. म्हणून छापील आकड्याच्या सुमारे ७० टक्के इतकाच भार प्रत्यक्षात धरावा असा संकेत आहे. वडील ७० किलो, आई ५५ किलो, मूल १८ किलो आणि पाणी, डबा, कपडे असे सामान १२ किलो धरले तर एकूण भार १५५ किलो होतो. या कुटुंबाला किमान २२० किलो क्षमतेची दुहेरी कयाक लागेल. तिच्यात मधली तिसरी बैठक असली पाहिजे. नसेल तर वजन कितीही बसत असले तरी मुलासाठी जागा नाही असेच समजावे.

मूल दर वर्षी वाढते, हा हिशेबही यात धरावा. चार वर्षांच्या मुलाच्या वजनावर बेतलेली नाव ते आठ वर्षांचे झाल्यावर अपुरी पडते.

भाराकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत अलीकडच्या काळात जबर मोजावी लागली आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदरा येथील हरणी तलावात सहलीच्या विद्यार्थ्यांची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांना जीवरक्षक जॅकेट दिलेली नव्हती. ती नाव कयाक नव्हती. पण या दोन्ही बाबी तपासणे तीन मीटरच्या नावेतही तितकेच आवश्यक आहे.

मुलाचे वय आणि बैठक

वयाची काटेकोर सीमारेषा सांगता येत नाही, कारण पाण्याची ओळख आणि सांगितलेले ऐकण्याची सवय यांचा वयाशी संबंध सैल असतो. सर्वसाधारणपणे, जीवरक्षक जॅकेट अंगात नीट बसत नसेल इतक्या लहान मुलाला नावेत घेऊ नये. तीन-चार वर्षांचे मूल दुहेरी कयाकच्या मधल्या बैठकीवर प्रवासी म्हणून बसू शकते. पाच-सहाव्या वर्षी त्याला स्वतःचे लहान वल्हे हवे असते. त्याने नावेला गती मिळत नाही, पण मूल गुंतून राहते. आठ-दहा वर्षांचे, पोहता येणारे मूल शांत पाण्यात मोठ्यांच्या हाताशी राहून स्वतंत्र कयाक चालवू शकते.

मुलांची स्वतंत्र कयाक १.८ ते २.४ मीटर लांब व अरुंद असते. मोठ्यांची रुंद नाव मुलाला दिली तर त्याचे कोपर काठावर घासतात, वल्हे पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि पंधरा मिनिटांत ते कंटाळते. अशा वेळी दोष मुलाचा नसून मापाचा असतो.

एका प्रौढाने दोन लहान मुलांना एकाच नावेत घेणे टाळावे. नाव उलटल्यावर दोन हातांनी दोन मुले धरली तर नाव धरायला तिसरा हात उरत नाही. मुलाला दोरीने किंवा पट्ट्याने नावेशी अथवा बैठकीशी बांधणे तर कधीच नको. आतबैठकीच्या कयाकमध्ये मोठ्यांनी मुलाला मांडीवर घेऊन त्याच पोकळीत बसणेही धोक्याचे आहे.

वल्हे

प्रौढांसाठी २१० ते २४० सेंटीमीटर, तर मुलांसाठी १८० ते १९० सेंटीमीटर लांबीचे वल्हे चालते. मुलांच्या वल्ह्याचा दांडा बारीक हवा, कारण मूठ पूर्ण मिटली नाही तर मनगट लवकर दुखते. वल्हे पाण्यात पडून वाहून जाऊ नये म्हणून त्याला आखूड दोरी बांधतात. ती मुलाच्या पायात गुंतण्याइतकी लांब असू नये.

जीवरक्षक जॅकेट

कयाकच्या निवडीत थोडी चूक चालून जाते, जॅकेटच्या निवडीत चालत नाही. जॅकेटची प्लावकता, म्हणजे पाण्यात वर उचलून धरण्याची क्षमता, न्यूटनमध्ये मोजली जाते. १० न्यूटन म्हणजे ढोबळपणे एक किलो वजन पेलण्याइतके बल. आंतरराष्ट्रीय मानकात ५०, १००, १५० आणि २७५ अशा पातळ्या आहेत. ५० पातळीचे साधन हे पोहता येणाऱ्यांसाठी, मदत जवळ असताना वापरण्याचे असते. ते बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवीलच असे नाही. लहान मुलांसाठी, आणि पोहता न येणाऱ्या कोणासाठीही, किमान १०० पातळीचे जॅकेट घ्यावे.

मुलांच्या जॅकेटला तीन गोष्टी असाव्यात: डोके वर उचलून धरणारी कॉलर, मूल ओढून घेण्यासाठी मानेमागे पकड, आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा. हा पट्टा नसेल तर मूल पाण्यात पडताच जॅकेट वर सरकते आणि मूल खाली निसटते. माप तपासण्याची रीत सोपी आहे. सर्व पट्टे आवळून मुलाला जॅकेटच्या खांद्यांना धरून किंचित उचलावे. जॅकेट हनुवटीच्या वर कानांपर्यंत आले तर ते मोठे आहे. 'पुढच्या वर्षीही होईल' या हिशेबाने शाळेचा गणवेश घेता येतो, जीवरक्षक जॅकेट नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात पोहायला शिकविताना मुलांच्या पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड, रिकामा डबा किंवा रबरी ट्यूब बांधण्याची पद्धत आहे. विहिरीत, काठावर दोर धरलेले मोठे माणूस उभे असताना ती उपयोगाची आहे. जलाशयाच्या मध्यावर हे साहित्य जॅकेटची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याने शरीर तरंगते, पण तोंड वरच राहील याची खात्री नसते. उलट, पोहता येते म्हणून जॅकेट नको, हा समज मोठ्यांमध्ये अधिक आढळतो. जॅकेट काढून मांडीखाली घेऊन बसणारा बाप मुलाला जॅकेट घालायला कसे लावणार, हा प्रश्नच आहे.

कळवण परिसरातील जलाशय

कळवण तालुक्यात गिरणा नदीवर चणकापूर आणि पुनद नदीवर पुनद (अर्जुनसागर) ही मातीची धरणे आहेत. ती सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी आहेत. मालेगाव शहरालाही चणकापूरचे पाणी मिळते. जलविहार हा त्यांचा हेतू नाही. अशा जलाशयात नाव उतरविण्यापूर्वी जलसंपदा विभागाच्या संबंधित शाखेकडे परवानगीची विचारणा करावी. धरणाची भिंत, सांडवा, पाणी सोडण्याचे दरवाजे आणि कालव्याचे मुख यांच्या जवळपास कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये. साहसी पर्यटनासंबंधी महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये धोरण जाहीर केले आहे, आणि केंद्राच्या २०२१च्या अंतर्देशीय नौका अधिनियमाने १९१७चा जुना कायदा रद्द केला. व्यावसायिक तत्त्वावर नावा चालविणाऱ्यांना हे नियम माहीत असणे अपेक्षित आहे.

सिंचनाच्या जलाशयाचा काठ पर्यटनस्थळाच्या काठासारखा नसतो. पावसाळ्यानंतर भरलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत बरेच खाली जाते. मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाळपेर होते, आणि पाण्यालगतच्या पट्ट्यात गुडघाभर गाळ उरतो. त्यात मुलाचा पाय रुतला तर घाबरगुंडी उडते. म्हणून नाव उतरविण्यासाठी मुरमाड किंवा खडकाळ उतार शोधावा. काठालगत शेतकऱ्यांच्या पाणी उपसण्याच्या मोटारी, नळ्या आणि विजेच्या तारा असतात. त्यांच्यापासून नाव चांगली लांब ठेवावी आणि तारेला वल्ह्याने डिवचण्याचे धाडस करू नये. मच्छीमारांची जाळी पाण्याच्या पृष्ठभागाखाली ताणलेली असतात. तरंगत्या खुणा ओळखून त्यांना वळसा घालावा. यात आपल्या सुरक्षिततेइतकाच दुसऱ्याच्या पोटाचाही विचार आहे.

गिरणेच्या खोऱ्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. वरून पाणी वाहत असलेला बंधारा दिसायला निरुपद्रवी असतो. प्रत्यक्षात त्याच्या पायथ्याशी कोसळणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडेच वळते आणि त्या फेऱ्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही. जॅकेट घातलेला पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटेल याची शाश्वती नसते. २३ मे २०२४ रोजी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सुगाव येथे, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नाव उलटून दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित माणसांची ही गत, तेव्हा कुटुंबाने वाहत्या नदीच्या वाटेस न जाणेच इष्ट.

ऋतू आणि वारा

जून ते सप्टेंबर हा काळ मुलांसह कयाकसाठी वर्ज्य समजावा. पाण्याची पातळी अचानक वाढते, विसर्ग केला जातो आणि पाणी गढूळ असल्याने बुडालेले अडथळे दिसत नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, तोही सकाळचा. नाशिक जिल्ह्यात थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली उतरतो, हे ध्यानात ठेवून डिसेंबर-जानेवारीत ऊन चढल्यावरच पाण्यात उतरावे. ओल्या अंगाची उष्णता हवेपेक्षा पाण्यात कितीतरी वेगाने निघून जाते आणि मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर गारठते. ओठ निळसर दिसणे, मूल गप्प होणे किंवा थरथरणे ही परत फिरण्याची खूण आहे. कोरड्या कपड्यांचा जोड जलरोधी पिशवीत नावेवरच असावा.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वाऱ्याचा भरवसा नसतो. २१ मे २०२४च्या सायंकाळी उजनी धरणाच्या पाण्यात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन लहान मुले होती. वळवाचे ढग दिसताच काठ गाठावा. एरवीही जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परत येताना वारा पाठीशी असतो. धरणाचा फुगवटा रुंद असतो. काठापासून आपण पोहत परतू शकू त्याहून लांब जाऊ नये, आणि 'आपण' म्हणजे सोबतचे सर्वांत कच्चे माणूस.

शिक्षण आणि सराव

खरेदीपूर्वी दोन-तीन वेळा भाड्याच्या कयाकमध्ये बसून पाहणे शहाणपणाचे आहे. कळवणकरांना जवळचे ठिकाण म्हणजे नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या जलाशयावरील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब. तेथे कयाक उपलब्ध आहे का, हे जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. भंडारदरा, पवना, तारकर्ली आणि गोव्यातील खाड्या येथेही हौशी कयाकिंग चालते. कोलाडजवळची कुंडलिका नदी मात्र खळाळत्या पाण्यासाठी प्रसिद्ध असून लहान मुलांच्या पहिल्या अनुभवासाठी ती योग्य नाही. गोव्यात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तेथे जीवरक्षक व जलक्रीडा प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम चालविले जातात. आपल्याला पाण्यावर नेणाऱ्या प्रशिक्षकाने असे कोणते प्रशिक्षण घेतले आहे, हे विचारण्यात संकोच करू नये.

पहिला सराव उलटण्याचा करावा. कमरेइतक्या पाण्यात, जॅकेट घालून, मुलासह मुद्दाम नाव उलटवावी. आधी मुलाला धरायचे, मग नाव धरायची, वल्ह्याचे नंतर पाहायचे, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत ते करावे. मुलांना हा खेळ वाटतो, आणि खेळ म्हणून शिकलेली गोष्ट प्रसंगी आठवते. प्रत्येकाच्या जॅकेटला शिटी असावी; ती विनाकारण वाजवायची नाही, हेही तेव्हाच शिकवावे.

खरेदी, वाहतूक आणि निगा

दुहेरी वरबैठकीची कयाक २५ ते ४० किलो वजनाची असते. ती गाडीपासून पाण्यापर्यंत, बहुधा उतारावरून आणि दगडधोंड्यांतून, कोण उचलणार याचा विचार खरेदीपूर्वी करावा. दोन प्रौढांना न पेलणारी नाव वर्षातून एकदाच बाहेर निघते. जुनी कयाक घेताना तळ उलटा करून तडे, खोल ओरखडे आणि जोडांची शिवण पाहावी. आत पाणी ओतून गळती दिसते. पट्ट्यांच्या कड्या व पाय टेकविण्याचे आधार हे भाग सर्वांत आधी निकामी होतात.

पॉलिएथिलीनला कडक ऊन सोसत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली दोन दगडांवर टेकवून ठेवलेली कयाक मधोमध वाकते, आणि एकदा बसलेला बाक पुरता जात नाही. ती सावलीत, कुशीवर किंवा रुंद पट्ट्यांवर ठेवावी. जॅकेट साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन सावलीत वाळवावीत. त्यांवर बसू नये, कारण आतील फोम दबला की प्लावकता कमी होते. उंदरांना हा फोम आवडतो. म्हणून पावसाळ्यात जॅकेट माळ्यावर टाकून न देता टांगून ठेवावीत आणि हंगामाच्या आरंभी प्रत्येक जॅकेट, घालणाऱ्या मुलासह, उथळ पाण्यात तपासून पाहावे.